सल्ला सदर: सिरियल घेऊ का सिनेमाची वाट बघू?

पत्र पाच पानांचं होतं म्हणून थोडक्यात सांगते. तासगाव तालुक्यातला मुलगा, वय २८, सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क. कॉलेजपासून एकांकिका लिहितो, दोनदा लेखनाचं बक्षीस मिळालंय. तीन वर्षं खपून त्यानं सिनेमाची पटकथा लिहिलीय, द्राक्षबागायतदार बाप आणि त्याची मुलगी यांची. एक दिग्दर्शक मित्र म्हणतोय 'आपण करूया, प्रोड्युसर बघतोय', आणि हे म्हणून आता चौदा महिने झाले. मधेच मुंबईहून एका मालिकेच्या प्रॉडक्शनचा फोन आला, साताऱ्याकडं शूटिंग आहे, डेली आहे, संवाद लिहिशील का, एपिसोडमागं पैसे देऊ. वर असंही म्हणाले की तुझी ती द्राक्षाची गोष्ट पण दे, आरामात दोनशे एपिसोड निघतील. वडील म्हणतात नोकरीला हात लावू नको. ज्यांनी नाटक शिकवलं ते सर म्हणतात, सिरियलमध्ये गेलास की लेखक म्हणून संपलास. आणि शेवटी त्यानं विचारलंय, 'ताई, खरं सांगा, लेखकाला किंमत कुठं आहे, सिरियलमध्ये का सिनेमात?'

अरे, पहिलं म्हणजे पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू बेदाणा शेडवरच्या बायकांचं बोलणं लिहिलंयस ना, 'हाताचा गंधकाचा वास भाकरीला लागतोय', ते वाचून मी थांबले. ज्याला असं ऐकू येतं त्यानं लिहावं का नाही हा प्रश्नच नाही. कुठं लिहावं एवढाच आहे, तर त्यावर बोलूया.

तुझा प्रश्न मला पण खूप वर्षं पडला होता, आणि मला वाटतं तो आपल्या भागातल्या पोरांना जरा जास्तच टोचतो कारण आपण नाटकात वाढलेलो असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं त्यांची, पात्रं बसवणारे तेच, मंडळी सांभाळणारे पण तेच, संवाद मात्र नट मंडळी प्रसंग बघून आयत्या वेळी बोलायची. पुढं हरिपूरचे देवल आले, सांगलीचेच खाडिलकर आले, आणि शब्द लेखकाचा झाला, लिहिलाय तसा बोलायचा. आजही नाटकाच्या जाहिरातीत लेखकाचं नाव वाचून लोक तिकीट काढतात, नटाला वाक्य बदलायचं असलं तर लेखकाला विचारायची रीत आहे. भावे नाट्यमंदिरात तुझं नाव पुकारलं गेलं, तू स्टेजवर गेलास, टाळ्या झाल्या, तेव्हा ही सवय तुझ्या अंगात मुरली. आता तीच फूटपट्टी घेऊन तू सिनेमा मोजायला जाशील तर तो कमी भरेल आणि सिरियल मोजायला जाशील तर ती पण कमी भरेल, कारण दोन्हीकडं लेखकाची जागाच वेगळी आहे, आणि एकमेकांपेक्षा पण वेगळी आहे.

सिनेमाचं आधी सांगते. कागदावर आहे तोपर्यंत सिनेमा पूर्ण तुझा असतो. तू एकटा, कुणाची घाई नाही, तीन वर्षं घे नाहीतर पाच घे. पण शूटिंगचा पहिला दिवस उजाडला की तो दिग्दर्शकाचा होतो आणि मग एडिटला बसल्यावर अजून वेगळा होतो. माझ्या पहिल्या सिनेमात मिरज स्टेशनवर बाप-लेकाचा एक सीन होता, पोरगा पुण्याला चाललाय, बाप सोडायला आलाय. चार पानं संवाद, तीन आठवडे मी त्या चार पानांवर होते. शूटच्या दिवशी दिग्दर्शकानं सगळे संवाद काढून टाकले. बाप नुसता जेवणाच्या डब्याची कडी उघडतो, चटणीची पुडी आत आहे ना ते बघतो, कडी लावतो, परत उघडतो, परत बघतो, आणि गाडी सुटते. मी रागानं सेटवरून उठून गेले होते. मग थिएटरात बघितलं तेव्हा शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती. दिग्दर्शक नंतर म्हणाला की ती चार पानं वाचली नसती तर त्या नटाला डब्याचं काय करायचं ते कळलंच नसतं, आणि मला ते पटलं. सिनेमात लेखकाचं काम असं आत जिरतं, दिसत नाही, पण त्याच्याशिवाय वरचं काही उभं राहत नाही. हे ज्याला सोसतं त्यानं सिनेमा लिहावा.

आता सिरियल. एक साधा हिशोब मांड. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती काढल्या तर साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा एपिसोड म्हणजे महिन्याला २६ धर. २२ गुणिले २६ म्हणजे ५७२ मिनिटं, साडेनऊ तास झाले. दोन तासांचा एक सिनेमा धरला तर महिन्याला जवळजवळ पावणेपाच सिनेमांएवढं बोलणं लिहायचं, आणि पुढच्या महिन्यात परत तेवढंच. म्हणून सिरियलमध्ये लेखक गेला तर चाक थांबतं. दिग्दर्शक बदलला तरी दुसऱ्या दिवशी शूट लागतं, कलाकार आजारी पडला तर त्याला गावाला पाठवता येतं, पण सकाळी सातला सेटवर कागद आला नाही तर पन्नास-साठ माणसं चहा पीत बसतात आणि वाड्याचं भाडं चालूच राहतं. हा जो लेखकाचा वट आहे ना, तो सिनेमात नाही.

पण वट म्हणजे मालकी नाही हे नीट ध्यानात घे. मालिकेत 'लेखक' हा एक माणूसच नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथेचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट पुढं कुठं वळणार ते, चॅनेलची क्रिएटिव्ह टीम पास करते, मग वनलाईन (म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं ते एकेका ओळीत) येते, मग सीन येतात, आणि सगळ्यात शेवटी तुझ्याकडं येतात, बऱ्याचदा आदल्या रात्री. गुरुवारी टीआरपी आला आणि पडलेला असला की शुक्रवारी ट्रॅक फिरतो, तुझे लिहून झालेले चार एपिसोड गेले. अमेरिकेत टीव्हीवर लेखकच वर चढून शोरनर होतो, सेटवर आणि एडिटवर शेवटचा शब्द त्याचा असतो, आणि सिनेमात मात्र तिकडं पण एकाचा ड्राफ्ट काढून दुसऱ्याला देतात. त्यामुळं 'टीव्ही हे लेखकाचं माध्यम' हे वाक्य तू कुठं वाचलं असशील तर ते तिकडचं आहे. आपल्या डेलीत लेखकाला काम सगळ्यात जास्त आणि ठरवायचा हक्क त्या मानानं कमी. (तिकडचे लेखक २०२३ ला १४८ दिवस संपावर होते, आणि त्यात सिनेमावाले, टीव्हीवाले सगळे एकत्र होते, म्हणजे तिकडं पण सगळं गोड आहे असं समजू नको.)

मग संवाद लिहिणाऱ्याच्या हातात उरतं काय? बोली उरते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण त्या सगळ्या साखळीत गावात राहिलेला बऱ्याचदा तो एकटाच असतो. मला एकदा चॅनेलकडून नोट आली होती की सगळ्यांना 'व्हय' आणि 'न्हाय' बोलू द्या, गावरान वाटलं पाहिजे. आता साताऱ्याजवळच्या कुठल्याही घरात जाऊन बस. आजी 'व्हय' म्हणते, शाळेत मास्तर असलेला तिचा मुलगा 'हो' म्हणतो पण म्हशीला हाक मारताना आईसारखा बोलतो, कराडला इंजिनिअरिंगला असलेली नात तिसरंच बोलते आणि आजीपाशी बसली की आपोआप आजीसारखी होते. एका घरात तीन मराठी असतात. मी ते फोनवर तासभर समजावून सांगितलं, नातीचा आणि आजीचा एक सीन तसाच लिहून पाठवला, आणि तो पास झाला. पुढं सहा महिने त्या मालिकेत माणसं माणसांसारखी बोलली. हे काम दिग्दर्शक करत नाही, चॅनेल करत नाही.

आणि एक प्रसंग सांगते, मग तुझ्या सरांबद्दल बोलते. सातारा स्टँडवर मी वाईच्या गाडीची वाट बघत होते, शेजारी एक म्हातारी बसलेली, बोलता बोलता तिला कळलं की मी अमुक मालिका लिहिते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, 'त्या सुनंला सांगा, येवढं सोसू नगं म्हणावं, मी सोसलं, काय मिळालं न्हाय.' ती मला सांगत नव्हती, त्या सुनेला सांगत होती, मी फक्त निरोप पोचवणारी. मी खरंच दोन आठवड्यांनी त्या सुनेच्या तोंडी एक वाक्य घातलं, 'आजपासनं मी गप बसणार न्हाय', ट्रॅकमध्ये जागा होती म्हणून घालता आलं. सिनेमा बघून लोक रडतात आणि घरी जातात, सिरियलमधली माणसं रोज संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन बसतात. त्या घरात काय बोललं जाईल हे तुझ्या हातून जाणार आहे, तर ते हलकं काम आहे असं कुणी म्हणालं तरी तू मानू नकोस.

आता सर. सरांचं बोलणं मनाला लावून घेऊ नको, पण उडवून पण लावू नको. ते ज्याची भीती घालतायत ती गोष्ट खरी आहे, रोज लिहून लिहून हात एका वळणाला लागतो, प्रत्येक सीनच्या शेवटी कुणीतरी दचकून वळलंच पाहिजे असं वाटायला लागतं, आणि मग एकांकिका लिहायला बसलं तरी तेच येतं. माझं झालं होतं तसं, दीड वर्षानंतर. पण रोजची डेडलाईन म्हणजे लेखणी संपली हे मात्र मला मान्य नाही. आपल्या आटपाडी भागातले, शेटफळ्यात जन्मलेले गदिमा घे. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक गाणं असं वर्षभर चाललं, ५६ गाणी. आठवडा संपला की पुढचं गाणं पाहिजे, म्हणजे एका अर्थी सिरियलच की. आणि हाच माणूस सिनेमाच्या पटकथा लिहीत होता. फरक एवढाच होता की गीतरामायणाची गोष्ट कुठं जाऊन थांबणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, गुरुवारचा आकडा बघून रामाचा वनवास कुणी लांबवत नव्हतं.

म्हणूनच तुझी द्राक्षाची गोष्ट सिरियलला देऊ नको. अजिबात नको. तू लिहिलंयस की ती एप्रिलच्या खरड छाटणीला सुरू होते, ऑक्टोबर छाटणी, मग अवकाळी पाऊस, मग माल विकायचा सोडून बेदाणा करायचा निर्णय, आणि शेवट तासगावच्या मार्केट यार्डात सौद्यात. वर्षभराची गोष्ट आहे, तिला आपला शेवट आहे, आणि सगळं त्या शेवटाकडं चाललंय. सिरियलला शेवट नको असतो. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली, तिथं कुटुंब मोठं होत जातं, माणसं येतात जातात, तेच तिचं बळ. तुझी गोष्ट दोनशे एपिसोडला ताणली तर पस्तिसाव्या एपिसोडला सौदा लांबवायला कुणीतरी बागेला आग लावेल, सत्तराव्याला मुलीला विसरायचा आजार होईल, आणि तुझा तो बाप कोण होता हे तुलाच आठवणार नाही. त्यांनी मागितलीय ती चांगल्या मनानं मागितली असेल, तरी नाही म्हण. संवाद लिहितो, गोष्ट देत नाही, एवढं सरळ सांगायचं.

आणि ती फोनवर ऐकवू पण नको. आपल्याकडं पोरं चहाच्या टपरीवर अख्खी गोष्ट सांगून मोकळी होतात. आर. जी. आनंद या नाटककारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडलीय त्या मांडणीवर असतो. म्हणजे 'द्राक्षवाल्या बापाची गोष्ट' ही कुणाचीही होऊ शकते, तुझी आहेत ती लिहिलेली पानं. तर पानं स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर कर, मेंबर व्हायचं आणि ऑनलाईन होतं सगळं, मुंबईला जायची गरज नाही. मग जे कुणाला पाठवायचं ते मेलनं पाठव, तारीख राहते.

दिग्दर्शक मित्राचं पण तसंच. चौदा महिने तो तुला झुलवतोय असं मी म्हणत नाही, मराठी सिनेमाला पैसा उभा करणं खरंच अवघड आहे आणि तो मनापासून धडपडत असेल. पण त्याच्या धडपडीला मुदत पाहिजे. एका वर्षाचा ऑप्शन करार कर, थोडी का होईना रक्कम घे, वर्षात सिनेमा उभा नाही राहिला तर पटकथा परत तुझी. मित्र असला तर त्याला राग यायचं कारण नाही, आणि राग आलाच तर तो आत्ता आलेला बरा. कायद्यात आपल्या बाजूनं बऱ्याच गोष्टी आहेत त्या माहीत असू देत. हक्क देताना मुदत लिहिली नसली तर ती पाच वर्षं धरतात, कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसलं तर फक्त भारत. म्हणून तर करारात 'कायमस्वरूपी आणि जगभर' असं घालतात, ती ओळ शोधून वाच आणि त्यावर बोल. २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमा थिएटरबाहेर जिथं वापरला जाईल तिथल्या रॉयल्टीत लेखकाचा वाटा ठेवलाय, आणि तो हक्क तू सोडतोयस असं कुणी लिहून घेतलं तरी ते चालत नाही, वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. पैसे हातात यायला वेळ लागतो हे खरं, पण सही करताना आपण काय देतोय ते तरी कळलं पाहिजे.

आता सिरियलचं काम घ्यायचं का? माझं म्हणणं, घे. तुझ्यासारखा कान असलेल्या माणसानं एकदा तरी रोज लिहून बघावं, सहा महिन्यांत तुला जेवढे सीन लिहायला मिळतील तेवढे एकांकिकांमध्ये वीस वर्षांत मिळणार नाहीत. नट तुझं वाक्य कुठं अडखळतो, कुठला शब्द त्याच्या जिभेवर बसत नाही, हे रोजच्या रोज कळतं, आणि शूट साताऱ्याला आहे म्हणजे सुट्टीच्या दिवशी सांगलीहून अडीच-तीन तासांत सेटवर जाऊन बघता येईल, ही सोय मला मिळाली नव्हती. पण सहा महिने म्हणजे सहाच, नंतर थांबून स्वतःचं लिहिलेलं वाचायचं आणि मग पुढचं ठरवायचं.

फोनवर हो म्हणून नोकरी सोडू नको हे मात्र वडिलांचं बरोबर आहे. फोन म्हणजे काम नाही. आधी करार येऊ दे. पैसे लिहिलेल्या एपिसोडचे का टेलिकास्ट झालेल्या एपिसोडचे हे त्यात स्पष्ट पाहिजे, कारण ट्रॅक फिरला की लिहिलेलं वाया जातं आणि मेहनत तर तीच लागलेली असते. टेलिकास्टनंतर किती दिवसांत पैसे ते आकड्यात लिहून घे. माझे एका प्रॉडक्शनकडं सात महिन्यांचे अडकले होते, करारात मुदतच नव्हती, मी रोज फोन करत होते आणि रोज 'चेक बनतोय' ऐकत होते, घरभाडं बहिणीनं भरलं. ती चूक माझ्या वाट्याला आली तेवढी पुरे. नाव कुठं आणि कसं येणार ते पण लिहून घे, डेलीत रोज टायटल लागतातच असं नाही. सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, ते पण. आणि तुझ्या एकट्याकडूनच आठवड्याचे सहाच्या सहा एपिसोड मागितले तर सरळ सांग की आठवड्याला तीन लिहीन, बाकीचे दुसऱ्याला द्या. बऱ्याच मालिकांत दोन संवादलेखक असतात, हे मागणं काही जगावेगळं नाही. तीन एपिसोड असले तर सकाळी सहा ते नऊ आणि रात्री लिहून पतसंस्था पण सांभाळता येईल, निदान पहिले दोन-तीन महिने, मालिका चालतीय का नाही तेवढं दिसेपर्यंत. मग वाटलं तर बिनपगारी रजा टाक.

रोज सकाळी एक पान मात्र सिरियलचं नसलेलं लिही. शेडवरच्या बायकांचं ऐकलेलं लिही, पतसंस्थेत कर्ज मागायला आलेला माणूस कसा खुर्चीच्या कडेवर बसतो ते लिही, काहीही. मी ते केलं नाही म्हणून दीड वर्षानं अडकले.

आणि वडील. तू लिहिलंयस की ते तीस वर्षं साखर कारखान्याच्या शेती खात्यात हिशोबाला होते आणि तुझं लिखाण त्यांनी कधी वाचलं नाही. करार आला की त्याची प्रिंट काढ आणि पहिली त्यांच्यासमोर ठेव. तोडणीची, वाहतुकीची बिलं ज्यानं आयुष्यभर तपासली त्याला 'टेलिकास्टनंतर' आणि 'मंजुरीनंतर' यातला फरक तुझ्या-माझ्याआधी दिसेल. त्यांना लाल पेन दे. ते जिथं जिथं खूण करतील ती ठिकाणं मला मेल कर, प्रॉडक्शनला काय उत्तर लिहायचं ते आपण मग ठरवू.